किती जण खरंच जाणार? – प्रवासी मागणीच्या सर्वेक्षणाचा एक पाठ (इयत्ता सहावी ते आठवी)



आमचं गाव जऊळका. वाशिम जिल्हा, मालेगाव तालुका. कागदोपत्री गावाच्या नावापुढे 'रेल्वे' हा शब्द जोडलेला आहे, जऊळका रेल्वे. अकोला–पूर्णा मार्गावरचं हे स्टेशन. पूर्वी इथे मीटरगेज होतं. जुनी माणसं अजून मीनाक्षी एक्सप्रेसचं नाव काढतात. २००८ मध्ये हा मार्ग ब्रॉडगेज झाला. आता अकोला, बार्शीटाकळी, जऊळका, वाशिम, हिंगोली, पूर्णा असा रूळ पुढे थेट नांदेडपर्यंत जातो. काही गाड्या आमच्याकडे थांबतात, काही शिट्टी वाजवत निघून जातात. त्यामुळे 'थांबा' हा आमच्या गावात कायम चघळला जाणारा विषय आहे.

पण या पाठाची सुरुवात रेल्वेने झाली नाही. ती झाली विमानाने.

सातवीच्या वर्गात नकाशावाचन चालू होतं. बाहेर आभाळात पांढरी रेघ ओढत एक विमान चाललं होतं. मुलं खिडकीकडे वळली. मी पण वळले. एका मुलीने विचारलं, "मॅडम, विमानात किती लोक बसतीन हे त्यांले आधीच कसं समजते? कोणीच नाही आलं तर?"

प्रश्न साधा वाटतो, पण त्यात पूर्ण एक शास्त्र आहे. त्याचं नाव प्रवासी मागणीचा अभ्यास. तो आम्ही वर्गात कसा केला, कुठे चुकलो आणि त्यातून काय हाती लागलं, ते या लेखात मांडते आहे.

पाठाची उद्दिष्टे

१. 'हवंसं वाटणं' आणि 'मागणी' यातला फरक मुलांना कळावा.
२. प्रश्नावली तयार करता यावी. चांगला प्रश्न आणि वाईट प्रश्न ओळखता यावा.
३. नमुना निवड म्हणजे काय ते अनुभवातून समजावं.
४. सहावीतला स्तंभालेख, सातवीतला जोडस्तंभालेख आणि सरासरी यांचा खऱ्या कामासाठी वापर व्हावा.
५. आकड्यामागे माणूस असतो, हे ध्यानात राहावं.

साहित्य

जगाचा नकाशा, महाराष्ट्राचा रेल्वे नकाशा, आलेख कागद, वही, पेन्सिल, आणि एकेका पानाची प्रश्नावली. बस, एवढंच.

पहिली तासिका : अटलांटिकच्या दोन गोष्टी

नकाशावर मुंबई, लंडन आणि न्यूयॉर्क ही तीन शहरं शोधायला सांगा. लंडन आणि न्यूयॉर्कच्या मध्ये जो निळा पट्टा दिसतो तो अटलांटिक महासागर. दोन्ही शहरांमधलं अंतर साधारण साडेपाच हजार किलोमीटर. जगातल्या सगळ्यात गजबजलेल्या हवाई मार्गांपैकी हा एक.

आपलाही या मार्गाशी संबंध आहे. एअर इंडियाचं पहिलं विदेशी उड्डाण ८ जून १९४८ रोजी मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला गेलं. त्या विमानाचं नाव 'मलबार प्रिन्सेस'. पुढे १४ मे १९६० पासून लंडनमार्गे न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली, बोइंग ७०७ या जेट विमानाने. म्हणजे आपली कंपनीही अटलांटिक ओलांडू लागली. हे सांगितलं की मुलांच्या नकाशावरची रेघ मुंबईपासून सुरू होते आणि गोष्ट आपली वाटू लागते.

आता पहिली गोष्ट, कॉन्कॉर्डची.

ब्रिटन आणि फ्रान्सने मिळून एक विमान बनवलं. आवाजाच्या दुप्पट वेगाने जाणारं. साधं जेट विमान अटलांटिक ओलांडायला सात-आठ तास घेई, हे सुमारे साडेतीन तासांत पोचवायचं. विमान बनण्याआधीच जगभरातल्या कंपन्यांनी नोंदणी केली. सत्तरच्या वर विमानांची. आपल्या एअर इंडियानेही दोन विमानांसाठी नोंदणी केली होती. सगळ्यांनाच वेग हवा होता. कोणाला नको असतो?

पण प्रत्यक्षात काय झालं? विमानात जागा शंभराच्या आसपास, इंधन मात्र भरमसाट लागायचं. १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले. आवाजापेक्षा वेगाने जाताना जो मोठा धमाका होतो, त्यामुळे बऱ्याच देशांनी जमिनीवरून तसं उडायला बंदी घातली. तिकीट महाग झालं. एकेका कंपनीने नोंदणी मागे घेतली, एअर इंडियानेही घेतली. शेवटी एकूण २० विमानं बनली, त्यातली १४ प्रवासी सेवेत आली, आणि ती फक्त ब्रिटिश आणि फ्रेंच कंपन्यांकडे. १९७६ मध्ये सुरू झालेली ही सेवा २००३ मध्ये बंद पडली.

दुसरी गोष्ट याच्या अगदी उलटी. फ्रेडी लेकर नावाच्या एका ब्रिटिश उद्योजकाने २६ सप्टेंबर १९७७ रोजी लंडन–न्यूयॉर्क अशी 'स्कायट्रेन' सुरू केली. नाव विमानाचं, पण रीत रेल्वेची. आगाऊ आरक्षण नाही. रांगेत उभं राहा, तिकीट घ्या, बसा. एका बाजूचं तिकीट ५९ पौंड, तेव्हाच्या इतर तिकिटांपेक्षा कितीतरी कमी. लोकांनी तिकिटासाठी रांगा लावल्या. ज्यांनी कधी विमानाचा विचार केला नव्हता, असे विद्यार्थी आणि साधी नोकरदार माणसं त्या रांगेत होती. आधीच्या प्रवाशांची मोजणी केली असती तर ही माणसं कुठेच दिसली नसती, कारण ती विमानतळावर येतच नव्हती.

(पुढे मोठ्या कंपन्यांनीही दर उतरवले, लेकरवर कर्जाचा बोजा वाढला, आणि फेब्रुवारी १९८२ मध्ये ही कंपनी बुडाली. हेही मुलांना सांगा. मागणी असली म्हणजे धंदा टिकतोच असं नाही, खर्चाचं गणितही जमावं लागतं.)

दोन्ही गोष्टी सांगून झाल्या की फळ्यावर दोन वाक्यं लिहा :

- सगळे 'हवं' म्हणाले, पण घेणारे थोडे निघाले. (कॉन्कॉर्ड)
- कोणी मागितलं नव्हतं, पण मिळालं तेव्हा रांग लागली. (स्कायट्रेन)

मग मुलांना विचारा, "आपल्या गावात असं काही आठवतं का?" आमच्या वर्गात लगेच हात वर झाले. एसटीत महिलांना अर्धं तिकीट झालं (१७ मार्च २०२३ पासून), तेव्हापासून आजी बाजाराला स्वतः जाते, असं एकाने सांगितलं. पंचाहत्तर वर्षांवरच्यांना एसटी मोफत झाली (ऑगस्ट २०२२), तर आबा आता दर एकादशीला कुठेतरी निघतातच, असं दुसऱ्याने. म्हणजे स्कायट्रेनची गोष्ट मुलांच्या घरातच होती. भाडं कमी झालं आणि घरात बसलेली माणसं निघाली.

नांदेडचं उदाहरणही घेता येतं. केंद्र सरकारच्या 'उडान' योजनेतल्या पहिल्या उड्डाणांना २७ एप्रिल २०१७ रोजी सुरुवात झाली. शिमला–दिल्लीबरोबरच हैदराबाद–नांदेड हाही मार्ग त्यात होता. या योजनेत साधारण एका तासाच्या प्रवासासाठी काही जागांचं भाडं सुरुवातीला २५०० रुपयांपर्यंत मर्यादित ठेवलं होतं. पुढे काही वर्षांनी त्या कंपनीची विमानं थांबली. आपल्याच रेल्वेमार्गाच्या टोकाला असलेलं शहर, त्यामुळे मुलांना जवळचं वाटतं.

दुसरी तासिका : आमची चुकलेली प्रश्नावली

इथे माझी चूक कबूल करते, कारण खरा पाठ त्या चुकीतच होता.

विषय ठरला, जऊळक्याहून रेल्वेने जाणाऱ्यांची मागणी. मी उत्साहात एक प्रश्न फळ्यावर लिहिला, 'जऊळका स्टेशनवर जास्त गाड्यांना थांबा मिळावा असे आपणास वाटते का? होय / नाही.' मुलांनी वहीत उतरवून घेतला आणि घरोघरी विचारून आले.

सगळी उत्तरं 'होय'.

आलेख काढायला बसलो. एका मुलाने पहिला स्तंभ काढला आणि पेन्सिल हातात धरून बसून राहिला. "मॅडम, दुसरा खांब काढायचाच नाही का?" वर्ग हसला. मग मागच्या बाकावरचा दुसरा एक जण म्हणाला, "माझे बाबा होय म्हणले. पण ते तर अकोल्याले मोटारसायकलनंच जातात. गाडी थांबली तरी तिनंच जातीन."

मी खडू खाली ठेवला. त्या पोराने एका वाक्यात कॉन्कॉर्डची गोष्ट आमच्या गावात आणून ठेवली होती. विचारायला पैसे लागत नाहीत आणि 'होय' म्हणायलाही लागत नाहीत. म्हणून असल्या प्रश्नाला किंमत नाही.

त्यानंतर मुलांकडूनच यादी काढून घेतली, वाईट प्रश्न कसा ओळखायचा?

- ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे तो प्रश्न. ('थांबा हवा का?')
- ज्यात उत्तर लपलेलं आहे तो. ('रेल्वे स्वस्त असते, तर तुम्ही तिने जाल ना?')
- ज्यात दोन प्रश्न आहेत तो. ('गाडी वेळेवर आणि स्वस्त हवी का?')
- जो पुढच्या काळाबद्दल मोघम विचारतो तो. ('तुम्ही किती वेळा जाल?') माणूस पुढचं नेहमी जास्त सांगतो.

त्यावरचा उपाय असा की झालेल्या गोष्टीबद्दल विचारायचं. गेल्या महिन्यात कुठे गेला होता? कशाने? किती पैसे लागले? या प्रश्नांना माणूस आठवून उत्तर देतो, आणि उत्तर खरं येतं.

सुधारलेली प्रश्नावली

१. गेल्या महिन्यात घरातलं कोण कोण गावाबाहेर गेलं? कुठे? (जाणं-येणं मिळून एक फेरी धरावी.)
२. कामाचं कारण काय? (दवाखाना, शिक्षण, बाजार, मजुरी, सरकारी काम, नातेवाईक, इतर)
३. कशाने गेलात? (एसटी, रेल्वे, काळी-पिवळी, मोटारसायकल, इतर)
४. एका फेरीला माणशी किती खर्च आला?
५. घरून किती वाजता निघालात आणि परत किती वाजता आलात?
६. गेल्या महिन्यात जायचं होतं पण जाता आलं नाही, असं कुठे? का?
७. रेल्वेने गेला नसाल तर कारण कोणतं? (वेळ जमत नाही, स्टेशन लांब पडतं, परतीची सोय नाही, सोबत नाही, इतर)

सहावा प्रश्न या सगळ्याचा गाभा आहे. तो का, ते पुढे सांगते.

काय विचारायचं नाही, हेही ठरवून घ्या. नाव, मोबाइल नंबर, घरची मिळकत, आजाराचं नाव यातलं काहीही नको. 'दवाखाना' एवढं पुरेसं आहे. प्रश्नावलीवर फक्त क्रमांक टाकायचा.

कोणाला विचारायचं?

मुलांचा पहिला सल्ला होता, "स्टेशनवर जाऊन विचारू." ऐकायला बरोबर वाटतं. पण स्टेशनवर कोण भेटतं? जो रेल्वेने जातोच तो. ज्याची वेळ जमत नाही, जो काळी-पिवळीने निघून गेला, जी बाई घरीच राहिली, ती तिथे भेटत नाहीत. विहिरीच्या काठावर उभं राहून "पाणी मिळतं का?" असं विचारण्यासारखं ते आहे. लंडनच्या विमानतळावर उभं राहून लेकरच्या प्रवाशांची संख्या कळली नसती, तसंच हे.

म्हणून घरं निवडायची. पद्धत सोपी आहे. समजा गावात ४०० घरं आहेत आणि आपल्याला ४० घरांना विचारायचं आहे. ४०० ÷ ४० = १०, म्हणजे दर दहावं घर. सुरुवात कुठून? १ ते १० अंकांच्या चिठ्ठ्या टाकून एक उचलायची. ७ आला तर ७ वं, १७ वं, २७ वं घर. मग ते घर कुणाचं का असेना, मैत्रिणीचं असो की ज्यांच्याशी बोलणं नाही त्यांचं. याला पद्धतशीर नमुना निवड म्हणतात. यामुळे वस्तीतल्या टोकाच्या घराचाही नंबर लागतो आणि रस्त्यावरच्या दुकानदाराचाही.

आणखी एक नियम आमच्या मुलांनीच घातला. एका घरात एकाच माणसाला विचारायचं नाही. जमेल तिथे एका पुरुषाला आणि एका बाईला, वेगवेगळं विचारायचं. (एकच फेरी दोघांनी सांगितली तर ती एकदाच धरायची.)

हा नियम कसा सुचला? एका घरी दोन मुली गेल्या. ओसरीवर बसलेल्या गृहस्थांनी सांगितलं, "आमच्या घरचं कोनी कुठं जात नाही. लिहा, निरंक." मुली निघाल्या, तेवढ्यात आजीने आतून हाक मारून पाणी दिलं. पाणी पिता पिता मुलींनी सहज तिलाही विचारलं. पहिल्या प्रश्नावर तीही तेच म्हणाली, "मी कोठं जातो बाप्पा, घरीच असतो." मग मुलींनी सहावा प्रश्न विचारला. आजी थोडी थांबली आणि म्हणाली, "हिंगोलीले लेकीकडं जाचं होतं. नातू झाला. पन परत येईपर्यंत रात होते. टेशनावरून घरी आनाले कोन येईन?"

मुलींनी ते शब्द जसेच्या तसे लिहून आणले. वर्गात वाचले तेव्हा कोणी हसलं नाही. पहिल्या पाच प्रश्नांच्या हिशोबात त्या घराचा आकडा शून्य होता. शून्य म्हणजे गरज नाही असं नाही. गरज आहे, पण ती रस्त्यावर दिसत नाही. तिला सुप्त मागणी म्हणतात.

तिसरी तासिका : आकडेमोड आणि आलेख

खालचे आकडे फक्त समजावून सांगण्यासाठी घेतले आहेत. तुम्ही तुमच्या गावचे आकडे घ्या.

समजा ४० घरांच्या पाहणीत असं आलं :

- थांबा हवा म्हणणारी घरं : ३८
- गेल्या महिन्यातल्या एकूण फेऱ्या : ६०
- त्यातल्या रेल्वेच्या वेळेत बसू शकतील अशा फेऱ्या : १८
- जायचं होतं पण न झालेल्या फेऱ्या : २४

पहिलं गणित. ३८ ÷ ४० × १०० = ९५ टक्के लोकांना थांबा हवा. हा आकडा निवेदनात छान दिसतो.

दुसरं गणित. सरासरी एका घराच्या फेऱ्या ६० ÷ ४० = १.५. गावात ४०० घरं, म्हणून महिन्याला ४०० × १.५ = ६०० फेऱ्या, म्हणजे रोज साधारण २०. यातल्या रेल्वेच्या वेळेत बसणाऱ्या १८ ÷ ६० × १०० = ३० टक्के. २० चे ३० टक्के म्हणजे रोज ६ प्रवासी.

९५ टक्क्यांपासून निघालो आणि रोजच्या ६ प्रवाशांवर आलो! मुलांचे चेहरे पाहण्यासारखे होतात. पण इथे थांबू नका.

तिसरं गणित. न झालेल्या फेऱ्या २४ ÷ ४० = ०.६ दर घरी. ४०० घरांच्या २४०, रोज ८. म्हणजे जे वेळेत बसतात त्यांच्यापेक्षा जास्त माणसं घरीच थांबलेली आहेत. गाडी आली म्हणून ती सगळी निघतील असं नाही. कोणाकडे पैसे नसतात, कोणाला सोबत नसते. म्हणून ६ आणि ८ यांची सरळ बेरीज करून १४ म्हणायचं नाही. खरं उत्तर ६ आणि १४ च्या मध्ये कुठेतरी आहे, असं मुलांना म्हणू द्या. 'नक्की आकडा सांगता येत नाही, पण एवढ्यापासून एवढ्यापर्यंत' असं उत्तर गणितात चालतं, हे मुलांना पहिल्यांदाच कळतं.

आता जोडस्तंभालेख. समजा झालेल्या ६० फेऱ्यांपैकी पुरुषांच्या ४५ आणि स्त्रियांच्या १५. न झालेल्या २४ पैकी पुरुषांच्या ६ आणि स्त्रियांच्या १८. प्रमाण : Y-अक्षावर १ सेमी = ५ फेऱ्या. पुरुषांचे स्तंभ ९ सेमी आणि १.२ सेमी, स्त्रियांचे ३ सेमी आणि ३.६ सेमी. आलेख पाहिल्याबरोबर दिसतं की पुरुषांच्या बाजूला झालेला प्रवास उंच आहे आणि स्त्रियांच्या बाजूला न झालेला. पानभर लिहूनही जे सांगता येत नाही ते चार खांब सांगतात. आमच्या वर्गाच्या खऱ्या आलेखाचं चित्रही याच वळणाचं निघालं.

हिशोबात न येणाऱ्या गोष्टी

चर्चेसाठी काही प्रश्न देते. एकेका गटाला एक द्या.

- पाहणी कोणत्या महिन्यात केली? लग्नसराईत, दिवाळीत किंवा आषाढीच्या वेळी केली असती तर? सोयाबीन काढणीच्या दिवसांत केली असती तर? (एका महिन्यावरून वर्ष ठरत नाही.)
- मजुरीसाठी बाहेरगावी गेलेल्या घरांना कुलूप होतं. त्यांना कोण मोजणार? (कुलूपबंद घर 'नाही' म्हणून लिहू नका. 'भेट झाली नाही' असा वेगळा रकाना ठेवा. सगळ्यात लांबचा प्रवास कदाचित त्याच घराने केलेला असतो.)
- रेल्वे नवीन थांबा पुष्कळदा आधी प्रायोगिक तत्त्वावर देते आणि तिथे किती तिकिटं विकली जातात ते पाहते. मग जो विनातिकीट बसतो तो मागणीच्या हिशोबात येतो का?

हा शेवटचा प्रश्न वर्गात फार रंगला. विनातिकीट जाणारा माणूस गाडीत बसतो, पण कागदावर नसतो. स्वतःचाच थांबा तो खोडून टाकतो. तिकीट काढणं म्हणजे आपली हजेरी लावणं, असं एका मुलीने म्हटलं. नागरिकशास्त्राचा धडा वेगळा घ्यावा लागला नाही.

काही सावधगिरी

- पालकांची लेखी संमती घ्या. मुलं दोघा-दोघांच्या जोडीने, उजेडात आणि आपल्या ओळखीच्या वस्तीतच जातील.
- स्टेशन पाहायला न्यायचं असेल तर स्टेशन मास्तरांची परवानगी घ्या आणि शिक्षक सोबत हवेतच. रूळ ओलांडायचा नाही, रुळाजवळ फोटो काढायचे नाहीत. हे तीन वेळा सांगा.
- कोणी उत्तर द्यायला नाही म्हटलं तर 'धन्यवाद काका' म्हणून पुढे जायचं. आग्रह नको.
- आपण थांबा मिळवून देणार आहोत असं मुलांनी कोणाला सांगू नये. आपण फक्त मोजतो आहोत.

मूल्यमापन

गुण देताना आलेख किती सुंदर रंगवला ते पाहू नका. पुढच्या गोष्टी पाहा.

१. मुलाने दिलेल्या एका वाईट प्रश्नाचं चांगल्या प्रश्नात रूपांतर करता आलं का?
२. दर दहावं घर का, हे स्वतःच्या शब्दांत सांगता आलं का?
३. सरासरी आणि शेकडेवारी बरोबर काढली का?
४. 'आपल्या पाहणीत काय कमी राहिलं?' यावर दोन वाक्यं लिहिता आली का?

चौथ्या मुद्द्याला मी सगळ्यात जास्त महत्त्व देते. एका मुलाने लिहिलं होतं, 'आम्ही दुपारी गेलो. दुपारी वावरात गेलेले लोक सापडले नाही. म्हणून आमचा आकडा कमी आहे.' वर्गात एरवी न बोलणारा मुलगा. त्याचे आई-वडील रोज वावरात असतात, म्हणून त्याला ते दिसलं. मला दिसलं नव्हतं.

पालकांसाठी

पालकहो, हा उपक्रम तुम्ही घरीही करू शकता. एका महिन्याचं कॅलेंडर भिंतीवर लावा. घरातलं कोण, कुठे, कशाने गेलं ते मुलाला रोज लिहू द्या. आणि शेजारी एक रकाना ठेवा, 'जायचं होतं, राहिलं.' महिन्याच्या शेवटी तो रकाना मुलाबरोबर बसून वाचा. बहुतेक घरांत तिथे आईचं नाव जास्त वेळा येईल. काही घरांत मोठ्या बहिणीचं येईल. दहावीनंतर वाशिमला किंवा अकोल्याला शिकायला जायचं होतं, पण संध्याकाळी परतायची सोय नाही म्हणून राहिलेली बहीण. ते वाचल्यावर काय करायचं हे मी सांगायला नको.

आमच्या मुलांनी आपले आलेख पालक सभेत मांडले. एका आजोबांनी शेवटी विचारलंच, "बाई, यानं गाडी थांबन काय?" मी काही बोलायच्या आत, पहिल्या दिवशी विमानाचा प्रश्न विचारणारी मुलगी उभी राहिली. म्हणाली, "माहीत नाही आबा. पन आता कोणी इचारलं तर आपल्याजवळ सांगाले आहे." आजोबांनी मान डोलावली आणि आलेखाजवळ जाऊन त्यातला न झालेल्या प्रवासाचा खांब बोटाने मोजू लागले.

आपल्या शाळेत हा पाठ घ्यायचा असेल तर गाव, मार्ग आणि गाडी तुमची घ्या. जिथे रेल्वे नाही तिथे एसटीच्या फेरीवर घ्या, जिथे तीही नाही तिथे शाळेपर्यंतच्या पायवाटेवर घ्या. प्रश्नावलीतला सहावा प्रश्न मात्र तेवढा गाळू नका.